फ्लाय कशाला म्हणायचे?

गळावर पीस बांधले की फ्लाय झाली, असे समजणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. हरणाचे केस आणि कोंबड्याची पिसे सोडून दुसरे काही बांधले तर ती फ्लायच नव्हे, असे ठासून सांगणारेही भेटतात. खाऱ्या पाण्यातल्या फ्लाय फिशिंगचा सगळा संसार या दोन टोकांच्या मध्ये मांडलेला आहे. हे पुस्तक ज्यांनी लिहिले ते तिथलेच रहिवासी. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात राहणारे, नोकरीधंदा सांभाळून रात्री फ्लाय बांधणारे आणि सुट्टीचा दिवस भरती-ओहोटी पाहून ठरवणारे हौशी गरवणारे. प्रस्तावना लिहिण्याचे मी लगेच कबूल केले, कारण फ्लाय नेमकी कशाला म्हणायचे या प्रश्नावर मराठीत सविस्तर बोलायला हवे, असे मला फार दिवसांपासून वाटत होते.

ज्याने फ्लाय रॉड कधी हातात धरला नाही, त्याच्यासाठी आधी मुळातली गोष्ट. नेहमीचा गळ टाकताना वजन असते ते दोरीच्या टोकाला. शिसे असो, चमचा असो, लाकडाचा नाहीतर प्लॅस्टिकचा खोटा मासा असो, आपण फेकतो ते वजन, आणि बारीक तंगूस त्याच्यामागून खेचला जातो. फ्लायचे गणित उलटे आहे. टोकाला वजन जवळजवळ नसतेच. वजन असते लाइनमध्ये. आपल्या खाड्यांना ८ किंवा ९ नंबरची लाइन पुरते. ८ नंबर म्हणजे पहिल्या ३० फुटांचे वजन २१० ग्रेन, साधारण साडेतेरा ग्रॅम. तिच्या टोकाची फ्लाय ग्रॅम-दोन ग्रॅमची. रॉड मागे नेला की लाइन हवेत मागे उलगडते, ताणली जाऊन रॉडला वाकवते, आणि तोच वाकलेला रॉड तिला पुढे सोडतो. फ्लाय नुसती तिच्या पाठोपाठ जाते. म्हणून ती तिवरांच्या मुळाशी अलगद टेकवता येते, तिथे दबा धरलेला जिताडा बुजत नाही. आणि म्हणूनच समोरून वारा सुटला की भल्याभल्यांची लाइन पायाशी गोळा होते.

आता इतिहासाकडे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी एलिअन या रोमन लेखकाने मॅसेडोनियातल्या एका नदीवरची रीत लिहून ठेवली. तिथले मासे पाण्यावर बसणारा एक किडा खात. तो किडा गळाला लावावा तर हात लागताच त्याचा रंग उडे, पंख कोमेजत. मग लोकांनी गळाला तांबडी लोकर गुंडाळली आणि तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची दोन मेणरंगी पिसे बांधली. फ्लायचा जन्म असा अडचणीतून झाला. खरे आमिष गळावर टिकत नाही, तेव्हा हाताने घडवलेले चालवायचे. इंग्लंडात १४९६ साली छापलेल्या मासेमारीच्या पहिल्या पुस्तिकेत बारा फ्लाय दिल्या आहेत. वॉल्टनचे प्रसिद्ध पुस्तक १६५३ चे. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या स्वच्छ ओढ्यांवर हॅलफर्ड आणि स्क्यूज यांच्या अनुयायांत पाण्यावर तरंगणारी फ्लायच खरी की बुडणारीही खरी, यावर चांगलेच वाजले. म्हणजे ‘खरी फ्लाय कोणती’ हे भांडण समुद्राच्या आधीचे आहे.

याच इतिहासात आपल्या सह्याद्रीचेही एक पान आहे. व्हिक्टोरियन काळात सॅमन माशासाठी ज्या भरजरी फ्लाय बांधल्या जात, त्यांच्या गालांवर एक छोटे, चकचकीत, पिवळट पांढऱ्या ठिपक्यांचे पीस असे. ते राखाडी रानकोंबड्याच्या मानेचे. हा पक्षी फक्त भारतातला, आणि पश्चिम घाट हे त्याचे मोठे घर. त्याच्या माना वर्षानुवर्षे विलायतेला गेल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो संरक्षित आहे, आणि आज तिकडचे लोक तिकडेच पाळून वाढवलेल्या रानकोंबड्यांची पिसे वापरतात. या सॅमन फ्लायबद्दल महत्त्वाची गोष्ट ही, की त्यातल्या बहुतेक कशाचीही नक्कल नव्हत्या. ‘जॉक स्कॉट’ नावाची सर्वात गाजलेली फ्लाय पाहा; तशा रंगांचा किडा जगात कुठे उडत नाही. तरी ती फ्लाय आहे यावर कुणी कधी शंका घेतली नाही. किड्याची नक्कल म्हणजे फ्लाय, ही व्याख्या दीडशे वर्षांपूर्वीच अपुरी पडली होती.

समुद्रावर तर ती उरतच नाही. खाडीत मासे माश्या खायला वर येत नाहीत; ते कोळंबी, करंदी, बोईची पिल्ले, तारली, लहान कुर्ल्या खातात. अमेरिकेत जो ब्रूक्स यांचे खाऱ्या पाण्यातल्या फ्लाय फिशिंगवरचे पुस्तक १९५० साली आले आणि विखुरलेल्या हौसेला एक शिस्त मिळाली. त्याच दशकाच्या अखेरीस लेफ्टी क्रे यांनी चेसापीक उपसागरातल्या माशांसाठी ‘लेफ्टीज डिसीव्हर’ बांधली. लांब पिसे गळाच्या मागच्या टोकाला, पुढे गळ्याभोवती हरणाच्या शेपटीचे केस. हवेत ती मिटून सुरीसारखी पातळ होते, पाण्यात पडली की अंग भरते, आणि पिसे गळाला गुंडाळत नाहीत. १९९१ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने फ्लायची तिकिटे काढली, त्यात जॉक स्कॉट होती तशी ही डिसीव्हरही होती. समुद्रातली फ्लाय गोड्या पाण्यातल्या फ्लायच्या शेजारी मानाने बसली.

इथपर्यंत कुणाची तक्रार नव्हती. पिसे होती, केस होते, धागा होता. वाद सुरू झाला तो नंतरच्या पिढीत. १९७७ साली बॉब नॉहाइम यांनी बहामातल्या बोनफिशसाठी ‘क्रेझी चार्ली’ बांधली आणि तिला धातूच्या मणीसाखळीचे डोळे दिले. १९८० च्या दशकात पेनसिल्व्हेनियाचे बॉब क्लाउझर यांनी डोळ्यांच्या जागी शिशाचे डंबेल बांधले. फ्लाय डोके खाली करून बुडू लागली. न्यू जर्सीचे बॉब पोपोव्हिक्स यांनी केसांवर इपॉक्सी ओतून काचेसारख्या पारदर्शक अंगाच्या ‘सर्फ कँडी’ केल्या. डेल ब्राउन यांनी पर्मिट माशासाठी गालिच्याच्या लोकरीची कुर्ली बांधली. प्रत्येक वेळी जुन्यांनी तेच विचारले: ही फ्लाय की जिग? फ्लाय की प्लॅस्टिकचे ल्यूर? आज क्लाउझर ही जगात खाऱ्या पाण्यात सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या फ्लायपैकी एक आहे. वाद मिटला तो कुणी निवाडा दिला म्हणून नव्हे. बांधणारे बांधत राहिले म्हणून.

निवाडा मात्र एका संस्थेने लिहून ठेवला आहे. इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन ही १९३९ मध्ये स्थापन झालेली संस्था विक्रमांची नोंद ठेवते, आणि १९७८ पासून खाऱ्या पाण्यातले फ्लायचे विक्रमही तिच्याकडे आहेत. तिचे नियम वाचण्यासारखे आहेत. फ्लाय मान्य प्रकारची हवी. स्ट्रीमर, बकटेल, ट्यूब फ्लाय, ओली, कोरडी, निम्फ, पॉपर, बग हे सगळे त्यात येते. एका वेळी एकच फ्लाय. गळ एक, किंवा जोडगळ, किंवा मागेपुढे दोन. तिकाटी गळ बंद. खरे किंवा टिकवलेले आमिष जोडायचे नाही. वास लावायचा नाही. आणि एक वाक्य मला सर्वात मोलाचे वाटते: एखादी वस्तू फ्लाय रॉडने फेकता येते, एवढ्यावरून ती फ्लाय ठरत नाही.

हे नियम विक्रमांसाठी आहेत, आणि त्या कामाला ते उत्तम आहेत. पण ‘मान्य प्रकार’ म्हणताना मान्यता कोण देणार? उत्तर शेवटी बांधणाऱ्यांच्या समाजाकडेच येते. म्हणून या विषयावर मोटामोटी तीन घराणी दिसतात. एक जुन्या सामानाला धरून चालणारे; त्यांना केस, पीस आणि धागा यांपलीकडचे काही सहन होत नाही. त्यांच्यामुळे कला शुद्ध राहिली, हे मान्य करायलाच हवे. दुसरे नियमपुस्तकाचे. तिसरे म्हणतात, लाइनने नेली आणि माशाने घेतली म्हणजे झाले. हे तिसरे मत तरुणांत झपाट्याने पसरते आहे, आणि तेच मला सर्वात कच्चे वाटते, कारण त्यात फेकण्याची कसोटी आहे पण बांधण्याची नाही.

माझे मत असे. फ्लायची ओळख सामानावरून होत नाही. ती लाइनच्या वजनावर जायला हवी. ती गळावर बांधलेली हवी, म्हणजे धाग्याच्या वेढ्यांनी एकेक गोष्ट गळावर चढवून तिचे अंग घडलेले हवे. साच्यातून निघालेला तयार मासा गळावर टोचला तर ती बांधणी नव्हे. आणि पाण्यात ती जगते ती हाताने ओढल्यामुळे, सोडल्यामुळे आणि केसांतून पाणी वाहिल्यामुळे. पुढे प्लॅस्टिकची जीभ लावून तिला आपोआप थरथरायला लावले, किंवा फिरते पाते जोडले, की काम माणसाच्या हातातून यंत्राकडे गेले. वासाचेही तसेच: मासा वासाला आला तर बांधणाऱ्याच्या नक्कलेला काय अर्थ उरला? लाइनचे वजन, बांधणी आणि हाताची हालचाल या तिन्ही गोष्टी एकत्र असतील, तर गंगावनाच्या केसांची फ्लायही माझ्या लेखी शंभर टक्के खरी.

गंगावन उगाच आले नाही. अमेरिकन पुस्तकांतली पाककृती डोळ्यांसमोर ठेवून इथे बांधायला बसलो तर पहिल्याच ओळीत अडकायला होते. बकटेल म्हणजे तिकडच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे केस. तिकडे शिकार कायदेशीर, त्यामुळे शेपट्या दुकानात मिळतात. आपल्याकडे चितळ-सांबराच्या केसाला हात लावणे गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. परदेशी पाकिटे मागवली तर मूठभर केसांना चांगले पैसे पडतात. मग उल्हासनगर कामाला येते. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळाले, आणि कॅम्पांच्या नंबरांनी ओळखले जाणारे हे शहर कापड, शिलाई आणि जोडसामानाची बाजारपेठ बनले. इथल्या मालाला ‘नकली’ म्हणून हिणवणारे पुष्कळ झाले. ज्यांनी सगळे गमावून एका शिलाई मशिनवर पुन्हा घर उभे केले, त्यांच्या हातच्या कारागिरीबद्दल मला आदर आहे. फ्लाय बांधणाऱ्याला तर या बाजाराचे ऋण मानावेच लागेल. जरी, टिकल्या, खेळण्यांची फर, विगचे केस, किचेनची मणीसाखळी, नायलॉनचा बारीक दोरा: सगळे इथे एका फेरीत मिळते. चपलेच्या रबरी फोमचा तुकडा कापून पॉपरचे डोके होते, आणि पॉपर तर नियमपुस्तकालाही मान्य आहे.

एक क्लाउझर इथल्या सामानाने कशी होते ते जवळून पाहू. व्हाइसमध्ये एक-शून्य नंबरचा स्टेनलेस गळ. धाग्याचा पाया घालून, गळाच्या डोळ्यामागे दांडीच्या साधारण एक तृतीयांशावर मणीसाखळीचे दोन मणी आडवे ठेवायचे आणि इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे आडवेतिडवे वेढे घेऊन घट्ट आवळायचे. नंतर सरसाचा एक थेंब, नाहीतर चार फेकींत मणी फिरतात. पांढऱ्या गंगावनाची बारीक बट मण्यांच्या पुढे बांधून मण्यांच्या खाचेतून मागे न्यायची आणि मागे पुन्हा बांधायची. आता गळ उलटा करायचा. चंदेरी जरीचे पाच-सहा तार, त्यावर हिरवट किंवा खाकी केसांची तितकीच बारीक बट, पुढे धाग्याचे निमुळते डोके, त्यावर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात. नवशिका हमखास केस जास्त घेतो. हातात ती गुबगुबीत फ्लाय सुंदर दिसते आणि पाण्यात लाकडासारखी पडून राहते. केस इतके विरळ हवेत की उजेडासमोर धरल्यावर पलीकडचे दिसावे. मण्यांच्या वजनाने ती उलटी फिरते, गळाचे टोक वर राहते, आणि कालवांच्या खडकावरून ओढली तरी सहसा अडकत नाही. ओढली की पुढे झेपावते, थांबवली की डोके खाली करून पडते. भेदरलेली कोळंबी असेच करते.

आता या फ्लाय कुठे चालवायच्या? उल्हास नदी आपल्या दारावरूनच जाते. राजमाचीच्या डोंगरात उगवून कर्जत, नेरळ, बदलापूर करत ती कल्याणला दुर्गाडीखाली खाडी होते आणि पुढे वसईला समुद्राला मिळते. पण वाटेत तिच्यात काय मिसळते हे इथल्या कुणालाही सांगायला नको. वालधुनी नदीचे पाणी कारखान्यांच्या सांडपाण्याने अनेक दशके नासले आहे, आणि तिच्या काठी राहून खाडीतल्या माशांवर लिहिताना मनात राग दाटतो. म्हणून या पुस्तकातली माणसे पाण्यासाठी लांब जातात: धरमतर, कुंडलिका, राजपुरी, वाशिष्ठीचे मुख, मालवणची कर्ली. तिथे जिताडा आहे, तांब आहे, खाडीच्या मुखाशी रावस, खडकांवर कोकर. पाणी बहुधा गढूळ. बहामाच्या काचेसारख्या पाण्यासाठी बांधलेली फिकट, नाजूक फ्लाय इथे दिसतच नाही. तिला काळी पाठ लागते, जास्त जरी लागते, कधी आवाज करणारे डोके लागते. भांगाच्या दिवसांत, भरती-ओहोटीची ओढ कमी असताना, गाळ थोडा खाली बसतो. तेव्हाच्या फ्लाय वेगळ्या. परदेशी पुस्तकांत हे सापडत नाही, कारण ती पुस्तके या चिखलात उभे राहून लिहिलेली नाहीत.

या खाड्यांचे खरे जाणकार कोळी आणि किनाऱ्यावरचे जुने गरवणारे. कुठल्या बांधाशी, ओहोटीच्या कितव्या तासाला जिताडा येतो, हे त्यांनी सांगितले म्हणून आम्हाला कळले. फ्लायची व्याख्या काटेकोर करायची ती त्यांच्या हातातल्या गरीला कमी लेखण्यासाठी नव्हे. जिवंत कोळंबी लावून रात्रभर बांधावर बसणाऱ्याची विद्या वेगळी आणि तितकीच मोठी.

मग हा काटेकोरपणा आजच का हवा? गेल्या काही वर्षांत सामान स्वस्त झाले, रॉड-रीळ घरपोच येऊ लागले आणि हातात काय आहे हे न कळताच खूप मुले खाडीवर उतरली. त्यांना मासा हवा आहे, आणि लवकर हवा आहे. फ्लायच्या व्याख्येत जे बंधन आहे ते माशाच्याही फायद्याचे आहे. एक गळ, त्याचा काटा पक्कडीने दाबून बसवलेला, खरे आमिष नाही: असा गळ बहुधा ओठातच लागतो आणि मासा चटकन सोडता येतो. दोन तिकाटी गळांच्या ल्यूरने फाटलेला जिताडा सोडला तरी फारसा उपयोग नसतो. जिताडा बहुतांशी नर म्हणून वाढतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोसाठी आपण जो सर्वात मोठा मासा उचलतो, ती बहुधा अंडी घालणारी मादी असते. पावसाच्या तोंडावर ती खाडीच्या मुखाशी येते. तिला पाण्यात परत जाऊ देणे हा या पुस्तकाचा न लिहिलेला नियम आहे, आणि मला तो लिहिलेल्या नियमांहून मोठा वाटतो.

पुस्तकाची मांडणी पाककृतींच्या वहीसारखी असली, तरी तिच्यामागे एक हट्ट आहे. प्रत्येक फ्लाय इथल्या एखाद्या जिवावरून बांधलेली आहे, आणि तो जीव पाण्यात कसा वागतो हे आधी सांगून मगच धागा हातात घेतला आहे. सामानाची नावे बाजारात विचारता येतील अशीच दिली आहेत. कुठल्याही वन्य प्राण्या-पक्ष्याचे काही वापरलेले नाही. बोकडाचे केस, कोंबडीची पिसे आणि कृत्रिम धागे यांवर सगळे भागवले आहे. विक्रम, स्पर्धा, सर्वोत्तम दहा असे काही शोधू नका. ते मुद्दाम टाळले आहे.

संपादकांशी माझे एका ठिकाणी पटलेले नाही, आणि मी तसे लिहावे असा त्यांचाच आग्रह आहे. पुस्तकात रबरी शेपटीची एक फ्लाय आहे. शेपटी साच्यातली, विकत घेतलेली. पुढचे सगळे अंग बांधलेले. त्यांचे म्हणणे, पोपोव्हिक्सचे इपॉक्सी चालते तर ही का नको? माझे म्हणणे, इपॉक्सीला आकार बांधणाऱ्याच्या हाताने येतो. ही शेपटी कारखान्यातूनच हलायला शिकून आली आहे. वाचकाने बांधून, चालवून स्वतः ठरवावे.

एक जीव मात्र अजून सगळ्यांनाच हुलकावणी देतो आहे: निवटी. ओहोटीला चिखलावर उड्या मारणाऱ्या, पाणी चढले की काठाकाठाने सरकणाऱ्या या माशाला जिताडा आवडीने खातो, असे खाडीवरचे जुने लोक सांगतात. त्याच्या फ्लायचे एक-दोन प्रयत्न पुस्तकात आहेत. फोमने बांधली तर ती तरंगते पण चिखलावर कोरडी घसरत जाते. केसांची बांधली तर चिखल पिऊन जड होते आणि उडी मारत नाही. चिखलातून पाण्यात उतरताना एकदाच जी झेप हवी, ती अजून कुणाच्या फ्लायला साधलेली नाही. ज्याला साधेल त्याने संपादकांना जरूर कळवावे. पुढच्या आवृत्तीत तिच्यासाठी पाने राखून ठेवली आहेत.